कुंडईचा अनुभव वेर्ण्यापर्यंत पोचवायचा तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने विचारले आहे: "मी बी.एस्सी. केमिस्ट्री केले आहे. कुंडईच्या एका लहान औषध कारखान्यात दोन वर्षे क्वालिटी कंट्रोलमध्ये (क्यूसी) आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कंपन्यांत अर्ज पाठवते, पण कुठूनच फोन येत नाही. रेझ्युमे एका पानाचा हवा की दोन? फोटो लावायचा का? ऑब्जेक्टिव्हमध्ये काय लिहायचे? माझी प्राथमिक शाळा मराठीतून झाली, इंग्रजी साधेच आहे, त्याचे काय करू?" सोबत तिने आपला रेझ्युमेही पाठवला आहे.

औषध कारखाने आणि हॉटेले, दोन्हीकडे माणसे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. तुमचा रेझ्युमे दोनदा वाचला, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

पानांचा आणि फोटोचा प्रश्न लगेच सुटेल, पण तुमची अडचण तिथे नाही. तुमच्या रेझ्युमेच्या पहिल्या अर्ध्या पानावर नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, घरचा पूर्ण पत्ता, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा नोंदणी क्रमांक आहे. मग चार ओळींचे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नोकरीतून काय साधायचे आहे ते. मग दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांचा तक्ता. तुम्ही दोन वर्षे रोज आठ तास जे काम केले, ते अगदी तळाशी येते आणि दोन ओळींत संपते: "क्यूसी विभागात ॲनालिस्ट म्हणून कार्यरत. विभागातील सर्व कामांची जबाबदारी."

उलट तुमच्या प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही असे लिहिले आहे: डिझोल्यूशनचे (गोळीतले औषध ठरावीक वेळात किती विरघळते ते तपासण्याचे) बहुतेक काम तुमच्याकडे असते, सीनियर रजेवर असला की एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणारे उपकरण, तेही तुम्हीच चालवता, सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांनी दर्जासाठी पाळायचे सरकारी नियम) आल्यावर लॅबच्या जुन्या कार्यपद्धती पुन्हा लिहून काढायला तुम्ही साहेबांना मदत केलीत, आणि नव्या आलेल्या दोन मुलींना वजनकाट्याचे रोजचे कॅलिब्रेशन तुम्हीच शिकवले. हे वाचून मी थांबले. ज्या माणसाला आम्ही मुलाखतीला बोलावतो, तो हाच. पण वेर्ण्याच्या एचआरला तो दिसतच नाही, कारण त्याच्यापुढे तुमचे पत्र नाही, रेझ्युमे आहे.

गोव्यात असे बऱ्याच चांगल्या उमेदवारांच्या बाबतीत होते आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. आपल्याकडे घरात पहिला अर्ज भरला जातो तो सरकारी नोकरीचा. तिथे पंधरा वर्षांचा रहिवास लागतो, कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असे जाहिरातीतच छापलेले असते, जन्मतारीख आणि प्रवर्ग लागतो. सरकारी अर्जात हे सगळे योग्यच आहे, कारण तिथे आधी पात्रता तपासतात. तीच सवय खाजगी नोकरीच्या अर्जात उतरते. भरीला झेरॉक्सच्या दुकानातला तयार साचा असतो, ज्यात फक्त नाव बदलायचे. खाजगी कंपनीत पहिला प्रश्न वेगळा असतो: ही मुलगी आमच्या लॅबमध्ये आली तर कोणते काम हातात घेईल आणि तिला शिकवायला आम्हाला किती वेळ लागेल? तुमच्या पानावरची प्रत्येक ओळ या प्रश्नाला धरून असली पाहिजे. जी नाही ती काढायची.

वाचणारा कोण, हेही डोळ्यासमोर आणा. आधी एचआरमधले कोणीतरी. एका जागेसाठी त्याच्या मेलमध्ये अर्जांचा ढीग असतो. तो पहिल्या फेरीत वाचत नाही, पानावरून नजर फिरवतो आणि चार-पाच गोष्टी शोधतो: सध्या कुठे आणि कोणत्या पदावर, किती वर्षे, कोणती उपकरणे, शिक्षण काय, राहते कुठे, नोटीस पिरियड किती. या गोष्टी वरच्या तिसऱ्या भागात सापडल्या तर तो अर्ज विभागप्रमुखाकडे जातो. विभागप्रमुख मात्र खरोखर वाचतो, आणि तो केमिस्ट असतो. त्याला "मेहनती", "टीम प्लेयर", "शिकण्याची आवड" अशा शब्दांतून काही कळत नाही. "डिझोल्यूशन" वाचले की त्याला कळते. रेझ्युमे या दोघांसाठी लिहायचा आहे: वरचा भाग पहिल्यासाठी, कामाच्या ओळी दुसऱ्यासाठी.

आता कामाच्या ओळी कशा लिहायच्या ते पाहू. याच भागाला तुम्ही सर्वांत जास्त वेळ द्या.

इंग्रजी बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि गेल्या आठवड्यात शिफ्ट सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत काय काय केले ते मराठीत लिहा. मैत्रिणीला सांगावे तसे. कोणते सॅम्पल आले, रॉ मटेरियलचे की तयार गोळ्यांचे, कोणत्या उपकरणावर बसलात, नोंद कुठे केली, कोणी तपासली, काही चुकले तर काय केले. मग महिन्यातून एकदा होणारी कामे आठवा, मग वर्षातून एकदा होणारी, उदाहरणार्थ ऑडिट. दोन-तीन संध्याकाळी हे केलेत की वहीत तीन-चार पाने भरतील. त्यातून सहा किंवा सात ओळी निवडायच्या. रेझ्युमे इंग्रजीतच जाणार आहे, पण आशय मराठीत पक्का झाला की इंग्रजी वाक्य आपोआप लहान आणि सरळ होते. थेट इंग्रजीत लिहायला बसले की माणूस ऐकलेली वाक्ये लिहितो.

तुम्ही मला जे सांगितले त्यावरून ओळी साधारण अशा होतील. गाळलेले आकडे तुमच्या लॉगबुकवरून तुम्हीच भरायचे आहेत (इतर वाचकांसाठी: ॲसे म्हणजे औषधाचे प्रमाण मोजणे, सिस्टिम सुटेबिलिटी म्हणजे चाचणीआधी उपकरण नीट चालते का ते पाहणे):

"गोळ्या व कॅप्सूलच्या डिझोल्यूशन चाचण्या स्वतंत्रपणे, आठवड्याला सरासरी … बॅच."

"एचपीएलसीवर ॲसे चाचण्या, मुख्य ॲनालिस्टच्या अनुपस्थितीत सिस्टिम सुटेबिलिटीपासून निकालाच्या नोंदीपर्यंत सर्व टप्पे."

"सुधारित शेड्यूल एमनुसार लॅबच्या … कार्यपद्धतींचे मसुदे नव्याने लिहिण्यात सहभाग."

"वजनकाटा व पीएच मीटरचे दैनंदिन कॅलिब्रेशन, दोन नव्या कर्मचाऱ्यांना याचे प्रशिक्षण."

तुमची जुनी ओळ आणि या ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहा. "सर्व कामांची जबाबदारी" हे वाक्य गोव्यातला कोणीही, कोणत्याही कारखान्यातून लिहू शकतो. वरच्या ओळी फक्त तुम्ही लिहू शकता.

तिसरी ओळ मुद्दाम ठेवली आहे. शेड्यूल एमचे सुधारित नियम 2023 च्या अखेरीस अधिसूचित झाले आणि लहान कारखान्यांना कागदपत्रे, पात्रता तपासण्या, प्रशिक्षणाच्या नोंदी हे सगळे नव्याने बसवावे लागले. मोठ्या कंपनीत ही शिस्त आधीपासून असते, त्यामुळे तिथला नवा माणूस तयार व्यवस्थेत येतो. तुम्ही ती व्यवस्था उभी राहताना पाहिली, तिच्या कागदांना हात लावला. लहान कारखान्यात काम केल्याची लाज वाटते असे तुमच्या लिहिण्यातून जाणवले, म्हणून सांगते: लहान लॅबमध्ये एकच मुलगी चार उपकरणे हाताळते, मोठ्या लॅबमध्ये कित्येकदा तीच मुलगी दोन वर्षे एकाच चाचणीवर असते. विभागप्रमुखाला हे पक्के ठाऊक असते. फक्त ते कागदावर उतरले पाहिजे.

उपकरणांची नावे नेमकी लिहा. नुसते "एचपीएलसी" लिहिण्यापेक्षा कोणत्या कंपनीचे आणि त्यावर कोणते सॉफ्टवेअर, हे लिहिले की वाचणाऱ्याला अंदाज येतो. वॉटर्सचे एम्पॉवर आणि शिमाडझूचे लॅबसोल्यूशन्स यांची पडद्यावरची कामाची रीत वेगळी आहे. जे वापरले तेच लिहा. आणि "स्वतः चालवले" व "मदतनीस म्हणून काम केले" यांत फरक ठेवा. दोन वेगळ्या ओळी करा. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल की सिस्टिम सुटेबिलिटीत तुम्ही काय पाहता. इंजेक्शनांमधला आरएसडी, टेलिंग फॅक्टर, थिऑरेटिकल प्लेट्स हे जिने प्रत्यक्ष पाहिलेले असते ती दोन वाक्यांत सांगते. जिने फक्त नाव लिहिले असते ती अडखळते, आणि मग तिच्या बाकीच्या खऱ्या ओळींवरही समोरच्याचा विश्वास राहत नाही. औषध उद्योगात नोंदींचा खरेपणा हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. रेझ्युमेत वाढवून लिहिणारी व्यक्ती लॅबच्या वहीतही तसेच करील, अशी शंका आली की निवड तिथेच थांबते.

गोवा लहान आहे, हेही ध्यानात ठेवा. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, मडकई, थिवी, कुठल्याही वसाहतीत जा, क्यूसीतली माणसे एकमेकांना ओळखतात. कोणी पूर्वी एकत्र काम केलेले, कोणी फर्मागुडीच्या महाविद्यालयात किंवा ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एकत्र शिकलेले. खोटी तारीख किंवा फुगवलेले पद एका फोनने उघड होते. आणि याच लहानपणाचा फायदाही आहे: खरे काम केलेल्या माणसाबद्दलचा चांगला शब्दही तितक्याच लवकर पोचतो.

आकड्यांबद्दल थोडे. आकडा घातल्याने ओळ ठसठशीत होते, म्हणून कसातरी आकडा घालायचा, असे हल्ली बरेच जण करतात. "कार्यक्षमता तीस टक्क्यांनी वाढवली" हे वाक्य मी ट्रेनीच्या रेझ्युमेत वाचले आहे. ती टक्केवारी कशी मोजली हे विचारल्यावर उत्तर नसते. तुमच्या लॅबमध्ये मोजता येण्यासारखे बरेच काही आहे: आठवड्याच्या बॅच, सॅम्पल, लिहिलेल्या कार्यपद्धती, शिकवलेली माणसे, सामोरी गेलेली ऑडिट. यातले जे खरे मोजता येते ते घ्या, अंदाज असेल तिथे "सरासरी" म्हणा, आणि जिथे आकडा नाही तिथे साधे वाक्य पुरते. मात्र कंपनीच्या उत्पादनाची गुपिते, ग्राहक कंपनीची नावे किंवा बॅच क्रमांक रेझ्युमेत घालू नका. आमची गुपिते ही बाहेर नेईल, असे वाचणाऱ्याला वाटता कामा नये.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. दोन वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरे. दहा-बारा वर्षे झाली की दोन पाने चालतात. फोटो मागितला नसेल तर लावू नका. हॉटेलच्या फ्रंट ऑफिससारख्या जागांसाठी काही ठिकाणी मागतात, लॅबसाठी गरज नाही. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, जन्मतारीख सगळे काढा. घराचा पूर्ण पत्ताही नको, "वाळपई, सत्तरी" एवढे बस. आधार किंवा पॅन क्रमांक तर चुकूनही रेझ्युमेत नको. हा कागद किती जणांच्या फोनवर फिरेल ते तुमच्या हाती नसते. तळाचे "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र आणि सहीची जागा सरकारी अर्जातून आलेली आहे, तीही काढा.

ऑब्जेक्टिव्हही काढा. "आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा वापर करून संस्थेच्या प्रगतीत योगदान" हे वाक्य शेकडो रेझ्युमेंवर जसेच्या तसे असते आणि वाचणाऱ्याची नजर ते ओलांडून जाते. त्या जागी, नावाखाली, दोन ओळींचा सारांश द्या: "क्यूसी ॲनालिस्ट, दोन वर्षांचा अनुभव, गोळ्या व कॅप्सूल. डिझोल्यूशन, एचपीएलसी, यूव्ही. शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी. नोटीस पिरियड एक महिना." एचआरला हवे असलेले बरेचसे इथेच मिळाले.

शिफ्ट आणि येण्याजाण्याचा मुद्दा गोव्याबाहेरच्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण इथे तो कळीचा आहे. वाळपई वाचल्यावर वेर्ण्याच्या एचआरच्या मनात पहिला विचार येतो की ही मुलगी रोज येणार कशी. कंपनीच्या बसचे मार्ग बहुधा फोंडा, म्हापसा, मडगाव, वास्को अशा गावांवरून असतात. तुम्ही फोंड्यात खोली घ्यायला तयार असाल, किंवा फोंड्यापर्यंत स्वतःच्या वाहनाने येऊन कंपनीची बस धरणार असाल, तर तसे सारांशात किंवा मेलमध्ये अर्ध्या वाक्यात लिहा. घरी बोलून आधी ठरवा आणि मगच लिहा. निवड झाल्यावर "घरचे नाही म्हणतात" असे सांगावे लागले, तर पुढच्या वेळी त्या कंपनीत तुमचा अर्ज उघडतानाच शंका येते.

शिक्षण कामाच्या खाली जाईल. पदवी, महाविद्यालय, गोवा विद्यापीठ, वर्ष आणि श्रेणी. बारावी एका ओळीत. दहावी हवी तर ठेवा, नाहीतर नको. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट केला असेल आणि तो विश्लेषणाचा असेल तर एक ओळ द्या. संगणकाच्या वर्गाचे जुने प्रमाणपत्र आता काही सांगत नाही. त्याऐवजी एक्सेलमध्ये तुम्ही लॅबसाठी काय करता ते कामाच्या ओळीत येऊ द्या.

आणि मराठी शाळा. कोणती प्राथमिक शाळा होती हे रेझ्युमेत लिहायचे कारणच नाही, आणि त्यात दडवण्यासारखेही काही नाही. गोव्याच्या गावोगावच्या सरकारी मराठी शाळांतून शिकलेली माणसे आज वेर्ण्याच्या प्लांटमध्ये विभाग सांभाळतात. भाषा या मथळ्याखाली कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी लिहा आणि प्रत्येकीपुढे बोलणे, वाचणे, लिहिणे यांपैकी काय येते तेही. लॅबमध्ये ज्या इंग्रजीची गरज असते ती कार्यपद्धती वाचण्याची, नोंद लिहिण्याची आणि ऑडिटरला नेमके उत्तर देण्याची. ती तुम्ही रोज वापरता. रेझ्युमेतली इंग्रजी लहान वाक्यांची ठेवा, प्रत्येक ओळ क्रियापदाने सुरू करा, सध्याचे काम वर्तमानकाळात आणि आधीचे भूतकाळात. व्याकरण आणि स्पेलिंग एखाद्या शिक्षिकेकडून तपासून घ्या. आता एआयच्या मदतीनेही तपासता येते, पण त्याला "माझा रेझ्युमे लिहून दे" असे सांगू नका, "माझ्या ओळींतल्या चुका दाखव" असे सांगा. पूर्ण त्याच्याकडून लिहून घेतलेले रेझ्युमे आता रोज येतात, सगळ्यांचे शब्द सारखे असतात, आणि मुलाखतीत स्वतःच्याच रेझ्युमेतला शब्द उमेदवाराला समजावता येत नाही.

छंदांमध्ये "वाचन, संगीत, प्रवास" लिहिण्यापेक्षा तो मथळाच नको. अपवाद तेव्हा, जेव्हा छंदाचा कामाशी थेट संबंध असतो. पेडण्याच्या एका मुलाने हॉटेलच्या बँक्वेट विभागासाठी अर्ज करताना लिहिले होते की गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकाचे व्यवस्थापन तो काही वर्षे पाहतो: रंगमंच, प्रकाश, कलाकारांचे जेवण, वर्गणीचा हिशेब. आम्ही त्याला बोलावले ते याच ओळीमुळे. रात्रभर चालणारा कार्यक्रम वेळेत सुरू करून पार पाडणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला बँक्वेटचे काम शिकवणे सोपे जाते.

हा प्रश्न फक्त तुमचा नाही, म्हणून इतरांसाठीही थोडे लिहिते.

हॉटेलात काम करणाऱ्यांचा रेझ्युमे बाहेरच्या माणसाला सतत नोकऱ्या बदलल्यासारखा दिसतो: ऑक्टोबर ते मे एका ठिकाणी, पावसाळ्यात खंड, पुन्हा ऑक्टोबर. त्याला सीझन म्हणून एकत्र मांडा. "कांदोळी परिसरातील रिसॉर्ट, सलग तीन सीझन, प्रत्येक वेळी त्याच व्यवस्थापनाने परत बोलावले" ही ओळ कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा वजनदार आहे. खोल्यांची संख्या, रेस्टॉरंटमध्ये एका रात्री किती कव्हर्स (जेवणारे पाहुणे) होत, बुकिंगचे कोणते सॉफ्टवेअर वापरले, हे जरूर घाला. 2020 आणि 2021 मधला खंड लपवू नका. कोविडमध्ये हॉटेले बंद होती हे सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात भाजी विकली, डिलिव्हरी केली, घरचे काजूचे बागायत पाहिले, जे केले ते एका ओळीत लिहा.

बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी सीडीसी (खलाशाची सेवा-नोंदपुस्तिका) आणि एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या प्रशिक्षणाची) प्रमाणपत्रे व त्यांची मुदत अगदी वर द्यावी. भरती करणारा आधी तेच पाहतो.

खाणपट्ट्यातल्या लोकांबद्दल मला विशेष वाटते. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2018 च्या निकालानंतर मार्चपासून पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतल्या कित्येक घरांच्या रेझ्युमेत त्या जागी मोठी पोकळी आहे. ती पोकळी कामाच्या माणसाची चूक नव्हती, तेव्हा "खाणकाम बंद झाल्याने सेवा समाप्त" असे सरळ लिहावे. आणि जुने काम आजच्या कामाच्या भाषेत मांडावे. खनिजाच्या प्रयोगशाळेत सॅम्पल घेऊन लोहाचे प्रमाण काढणारा माणूस सॅम्पलिंग, विश्लेषण आणि नोंद हे तीनही जाणतो. फाउंड्री, सांडपाणी प्रकल्प, रसायनांचा कारखाना, कुठेही ते लागते. वजनकाट्यावर बसून ट्रकांच्या चलनांचा हिशेब ठेवणारा स्टोअर्स आणि डिस्पॅचसाठी तयार माणूस आहे. पण त्याने "वेब्रिज ऑपरेटर" एवढेच लिहिले तर औषध कारखान्याच्या स्टोअर्सचा प्रमुख ते ओलांडून जातो. दिवसाला किती वाहनांची नोंद, साठ्याचा ताळमेळ कसा आणि किती वेळाने, तफावत आली तर कोणाला कळवायचे, हे लिहिले की तो थांबतो.

"ओळखीशिवाय गोव्यात नोकरी नाही" असे तुम्हीही लिहिले आहे. ओळखीचा उपयोग होतो, ते मी नाकारत नाही. पण ओळखीचा माणूस काय करतो? तुमचा रेझ्युमे पुढे पाठवतो. तो कागद रिकामा असेल तर त्याचाही शब्द खाली पडतो, आणि दुसऱ्यांदा तो पाठवायला कचरतो. रेझ्युमे भरीव असेल तर अनोळखी एचआरही फोन उचलतो. म्हणून कोणाला सांगायचे असेल तर अवश्य सांगा, पण हातात चांगला कागद असू द्या. संदर्भ म्हणून कोणाचे नाव आणि फोन द्यायचे तर त्या माणसाला आधी विचारा. आणि सध्याच्या साहेबांना नकळत अर्ज करत असाल तर त्यांचे नाव घालूच नका.

मांडणीत कारागिरी नको. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, कौशल्यांपुढे तारे किंवा टक्क्यांच्या रेघा हे सगळे टाळा. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते आणि चौकटींत अडकवलेला मजकूर त्याला नीट वाचता येत नाही. छापील कागदाचा फोनने काढलेला फोटो तर बिलकूल पाठवू नका. साधी पीडीएफ, काळी अक्षरे, एकच फॉन्ट, अनुभव आजपासून मागे जाणारा. फाइलच्या नावात तुमचे नाव आणि पद असावे. "न्यू रेझ्युमे फायनल दोन" या नावाची फाइल एचआरच्या संगणकावर पुन्हा सापडत नाही. ईमेलचा पत्ताही साधा, नावाचा करा.

रेझ्युमे पाठवताना मेल कोरा ठेवू नका, तिथेच बरेच जण संधी घालवतात. विषयात पदाचे नाव आणि जाहिरातीतला क्रमांक असेल तर तो. आत चार वाक्ये: कोणत्या जागेसाठी अर्ज करते आहे, सध्या काय करते, त्यांच्या जाहिरातीतल्या कोणत्या दोन मागण्या माझ्याकडे आहेत, आणि कधीपासून येऊ शकेन. सध्याचा पगार विचारला असेल तरच सांगा आणि खरा सांगा, कारण पुढे पगाराची स्लिप मागतात.

एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवू नका. कामाच्या ओळी त्याच राहतील, क्रम बदलेल. जाहिरातीत स्टॅबिलिटीचे (औषध किती काळ टिकते ते तपासण्याचे) काम मागितले असेल आणि तुम्ही स्टॅबिलिटीची सॅम्पल तपासली असतील तर ती ओळ सर्वांत वर घ्या. डॉक्युमेंटेशनची किंवा क्यूएची (क्वालिटी ॲश्युरन्सची) जागा असेल तर शेड्यूल एमची ओळ वर जाईल. इंजेक्शने बनवणाऱ्या प्लांटला निर्जंतुकतेचा अनुभव हवा असतो. तो नसेल तर नाही, पण तिथेही केमिकल लॅब असतेच, तेव्हा अर्ज त्या लॅबसाठी आहे असे मेलमध्ये स्पष्ट म्हणा.

पाठवल्यावर फोन चालू ठेवा. लॅबमध्ये फोन आत नेता येत नाही हे एचआरला माहीत असते, पण सुटल्यावर त्याच संध्याकाळी परत फोन करा. आठवडाभरात काही कळले नाही तर एक छोटा मेल पाठवा. त्यानंतरही उत्तर नसेल तर तो अर्ज सोडून पुढच्याकडे वळा. मराठी आणि इंग्रजी दैनिकांतल्या वॉक-इनच्या जाहिराती पाहत राहा. रेझ्युमेच्या दोन छापील प्रती, गुणपत्रिका, नेमणूकपत्र आणि अलीकडच्या पगाराच्या स्लिपा एका फाइलमध्ये तयार ठेवा. वॉक-इनला विभागप्रमुख स्वतः समोर असतो आणि त्याचे बोट तुमच्या ज्या ओळीवर जाईल, तिच्याबद्दल पाच मिनिटे बोलता आले पाहिजे. नव्या ओळी लिहून झाल्या की मला परत पाठवा, मी पाहीन.